मातीचा गुण की आगीचा?

सोलापुरात घर बांधायला काढलं की गवंडी हमखास बजावतो, "पीपीसी सिमेंट आणू नका, त्यात राख असते." राख म्हणजे भेसळ, हे डोक्यात पक्कं बसलंय. मला ते दर वेळी खटकतं. दोन हजार वर्षं टिकलेली रोमन बांधकामं राखेच्याच जोरावर उभी आहेत.

नुसता भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पाण्याखाली हवा नाही, म्हणून तिथे तो लिबलिबीतच राहतो. नेपल्सजवळच्या पोझुओलीची ज्वालामुखीची राख मिसळली की मात्र तो पाण्यातही दगडासारखा होतो, हे रोमनांना कळलं होतं. समुद्रातल्या कामासाठी रोमन वास्तुविशारद वित्रुवियसने प्रमाणही लिहून ठेवलं: एक भाग चुना, दोन भाग राख. हा गुण त्या जागेचा आणि तिच्या पोटातल्या आगीचा, अशी त्याची समजूत. यहूदियाच्या हेरोद राजाने सिझेरियाचं बंदर बांधताना ही राख थेट नेपल्सच्या आखातातून मागवली होती.

आपण तर लाव्ह्यावरच राहतो. पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा पसरून थिजला, काळा पाषाण झाला. बांधकामाला पुरेल अशी राख त्याने मागे ठेवली नाही. मग दख्खनच्या गवंड्यांनी भाजल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात घातली. बैल दगडी चाक ओढायचे आणि घाण्यात चुना मळला जायचा. काळ्या रानातली चुनखडी भाजली तर तिच्यात मिसळलेल्या मातीमुळे असाच थोडा गुण चुन्यात आपोआप उतरतो. सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवर नळदुर्गला जा. बोरी नदीवरचा दगडी बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 चा. पुराचं पाणी आजही त्याच्यावरून कोसळतं.

पुढे 1750 च्या दशकात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ एडिस्टोनचं दीपगृह बांधताना अभियंता जॉन स्मीटनने निरनिराळे चुने तपासले. ज्या चुनखडीत चिकणमाती होती, तिचाच चुना पाण्यात घट्ट झाला. पोझुओलीचा एकाधिकार इथे ढळला. गुण गावाचा नव्हता. आगीतून गेलेल्या सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचा होता. चुना आणि पाणी मिळालं की त्यांतून जोडून धरणारा नवा पदार्थ तयार होतो. आग ज्वालामुखीची असो, वीटभट्टीची असो की बॉयलरची.

सोलापूरजवळ फताटेवाडीच्या 1320 मेगावॅटच्या वीजकेंद्रात तेच घडतं. कोळशातली माती वितळते आणि धुराबरोबर जाताना काचेचे बारीक गोळे होऊन थिजते. पीपीसीत ही राख 15 ते 35 टक्के असते. पोत्यावरचं 'पोझोलाना' हे नाव पोझुओलीचंच आहे. राखेच्या तळ्यातला चिखल फावड्याने सिमेंटमध्ये कालवला तर ती भेसळ खरी. पोत्यातली राख ही पारखून घातलेली असते.

गवंड्याचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. हे सिमेंट सावकाश ताकद धरतं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायचं, तर याला दहा. मे महिन्यात, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात हे जादा दिवस जड जातात. म्हणून स्लॅब टाकायच्या आधी टाकी भरून घ्या, झाकायला गोणपाटं गोळा करा आणि निदान दहाव्या दिवसापर्यंत ती ओली ठेवा.