मूळचे कुठले?

नागपूरजवळची कन्हानकाठची कामठी १८२१ च्या इंग्रजी छावणीभोवती वाढली. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले. सोबत उर्दूही आली. त्यांच्या वंशजांना आजही ‘मूळचे कुठले?’ विचारले जाते. प्रश्न साधा, रोख इमानाचा.

हे इथेच घडते असे नाही. अमेरिकेत मिनेसोटा नदीकाठी १८५४ साली जर्मनांनी न्यू उल्म वसवले. १९१७ साली, सक्तीने भरती केलेल्यांना जर्मनीविरुद्ध लढायला धाडू नये, अशी सभा तिथे झाली. महापौरांचे पद गेले. आज तोच जर्मन वारसा शहराचे भूषण आहे.

म्हणजे दोष आठवणीत नसतो, संशयात असतो. पूर्वजांचे गाव आठवणे ही बेइमानी नव्हे. ज्या मातीत पिढ्यांचा घाम आणि कबरी आहेत, तिथे इमानाचा आणखी कोणता दाखला द्यायचा?