पाणी कुठं साचतं, कुणाला विचारायचं?

मुंबईहून दुबईला गेलेल्या माणसाची एक खोड असते. तिकडं चार थेंब पडून शाळा सुटली, हापिसातून लवकर सोडलं, की तो गालात हसतो. ‘याला पाऊस म्हणता?’ असं म्हणायचा त्याला हक्क आहे असं त्याला वाटतं, कारण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा तो नाहीतर त्याचा बाप छातीभर पाण्यातून घरी चालत गेलेला असतो.

१६ एप्रिल २०२४ ला ही फुशारकी जिरली. दुबईच्या विमानतळावर दिवसभरात १४० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तिथली वर्षाची सरासरी शंभराच्या आत आहे. अल ऐनकडच्या खत्म अल शकला इथं तर चोवीस तासही झाले नव्हते, तोवर २५४.८ मिलिमीटर पडला. १९४९ पासून संयुक्त अरब अमिरातीत नोंदी ठेवल्या जातात, त्यात असा आकडा नव्हता. शेख झायेद रस्त्यावर गाड्या टपापर्यंत बुडाल्या आणि दोन दिवसांत बाराशेच्या वर विमानं रद्द झाली. अमिरातीत चार माणसं दगावली. त्याआधी शेजारच्या ओमानात लोंढ्यात शाळकरी मुलांसह वीसेक जण गेले होते. ढगांत मीठ फवारून सरकारनंच हा पाऊस पाडला, अशी आवई उठली. हवामान खात्यानं ती फेटाळली आणि शास्त्रज्ञांनाही तिच्यात तथ्य दिसलं नाही. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं हे त्यामागचं एक साधं कारण, पण त्यात कुणाला मजा वाटत नाही.

आकडेच बघायचे तर १४० मिलिमीटर म्हणजे मुंबईच्या जुलैतला एक वाईट दिवस. लोकल रखडतील, दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा भरतील. दुबईला लागून असलेल्या शारजात मात्र अल मजाझ, अल कासिमिया अशा भागांत पाणी कित्येक दिवस हटलं नाही. तिथं वर्षातून मोजकेच दिवस पाऊस पडतो, म्हणून पावसाच्या पाण्याची गटारं अनेक ठिकाणी बांधलीच नव्हती. साचलं की टँकर बोलवायचा आणि उपसायचं, ही रीत. एक चौक तुंबला तर ती चालते, सगळं शहरच तुंबल्यावर टँकर पुरणार किती आणि पोचणार कसा? टॉवरमधली वीज गेली, लिफ्ट बंद पडल्या. तळघरातल्या गाड्या गेल्या त्या गेल्याच. ज्यांनी पैसे वाचवायला नुसता थर्ड पार्टी विमा काढला होता, त्यांना कंपनीकडून काही मिळायचं नव्हतं. नागरिकांच्या घरांच्या नुकसानीसाठी सरकारनं दोन अब्ज दिरहम मंजूर केले. त्यांत भाडेकरू परदेशी बसत नव्हता. याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. आपण तिथं कोण आहोत हे व्हिसावर छापलेलंच असतं.

मला मात्र गटारांपेक्षा दुसरीच उणीव मोठी वाटते. मुंबईत पाणी कुठं भरतं हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे. भरती किती वाजता, तेही पेपरात येतं. नाक्यावरचा भाजीवाला ओरडून सांगतो, ‘साहेब, पुढं जाऊ नका, झाकण उघडंय.’ हे ज्ञान महापालिकेच्या नकाशात सापडत नाही, ते तिथंच म्हातारं झालेल्या माणसांकडं असतं. दुबईत दहातले नऊ जण बाहेरून आलेले. बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, साठी आली की चंबूगबाळं आवरून नाशिकला, कोचीला नाहीतर लाहोरला परत. पंचवीस वर्षांत पाहिलेले दोन-तीन मोठे पाऊस माणसाबरोबर सामानात बांधून निघून जातात. त्याच फ्लॅटमध्ये नवं जोडपं येतं, समुद्र दिसतो का ते बघतं आणि बेसमेंटमधली पार्किंगची जागा मिळाली म्हणून खूश होतं.

तिथल्या मूळ अरबांना पाणी ठाऊक आहे. पावसासाठी तिथं राज्यकर्त्यांच्या आवाहनावरून मशिदींत खास नमाज होते. पाऊस झाला की घरंच्या घरं वादी, म्हणजे एरवी कोरडी पडलेली ओढ्याची पात्रं, बघायला गाड्या काढून निघतात. इतकी, की २०२३ मध्ये दंड ठरवावा लागला: पावसात वादीपाशी गर्दी केली तर हजार दिरहम, वाहत्या वादीत गाडी घातली तर दोन हजार आणि गाडी साठ दिवस जप्त. पण शारजाच्या पंधराव्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबाची आणि या माणसांची गाठ पडते कुठं?

गाठ पडते ती नातूरशी. इमारतीच्या रखवालदाराला तिकडं नातूर म्हणतात. तो बहुधा बांगलादेशचा, पाकिस्तानचा किंवा केरळचा. खालचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, बहुतेक वेळा मल्याळी माणसाचं. इमारतीत सगळ्यांत जुने हेच दोघे. कुठल्या मजल्यावर बाळंतीण आहे, कुणाच्या घरी म्हातारे आईवडील भेटीच्या व्हिसावर आलेत, हे त्यांनाच माहीत. त्या आठवड्यात शारजात स्वयंसेवक होड्या घेऊन फिरले, अन्नपाणी पोचवत होते. पण कुणाच्या दारात आधी जायचं हे सांगायला कुणीतरी लागतं, आणि तो माणूस आपल्याला दिवाळीत मिठाईचा डबा देण्यापुरताच आठवतो.

जून २०२४ मध्ये दुबईनं ‘तसरीफ’ ही तीस अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. पावसाचं पाणी वाहून नेण्याची शहराची ताकद सातशे टक्क्यांनी वाढवायची आहे. काम २०३३ मध्ये पुरं व्हायचं आहे. तोवर १६ एप्रिलला गुडघाभर पाण्यातून चाललेले कितीतरी जण परतलेले असतील. म्हणून जे अजून तिथं आहेत त्यांना एक विनंती. गावाकडून नवं बिऱ्हाड येईल तेव्हा कुठली डाळ कुठल्या दुकानात मिळते हे सांगालच. त्याबरोबर आपल्या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवा, आणि आकाश भरून आलं की गाडी तळघरातून वर काढायला सांगा.