कडाह प्रसादाची मर्यादा

बेंगळुरूच्या हलसूर तलावाकाठच्या गुरुद्वारात संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, मिळणारा कडाह प्रसाद कणीक, तूप आणि साखर समान वजनाने घेऊन, स्वच्छ भांड्यात, गुरबाणीचा म्हणजे गुरूंच्या वाणीचा पाठ करीत शिजवावा, असे 1945 साली संमत झालेली ‘शीख रहित मर्यादा’ ही आचारसंहिता सांगते. स्वच्छ वस्त्राने झाकलेला प्रसाद गुरू ग्रंथ साहिबांसमोर चौरंगावर ठेवला जातो आणि अरदास, म्हणजे उभे राहून केलेली सामूहिक प्रार्थना, झाल्यावर त्याला कृपाणाचा, म्हणजे शिखांच्या धार्मिक शस्त्राचा, स्पर्श होतो. वाटपापूर्वी पंज प्यारे, म्हणजे 1699 मध्ये आनंदपूर येथे गुरूंच्या हाकेवर शीर देण्यास पुढे आलेले पाच जण, यांच्या नावे वाटा वेगळा काढतात. त्यांतील भाई साहिब सिंग हे परंपरेनुसार बीदरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातलेच, आणि जातीने नाभिक होते, हे बेंगळुरूकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. वाटताना उच्चनीच किंवा शीख-अशीख असा भेद करण्यास ही संहिता मनाई करते, आणि पाकशुद्धीच्या सर्व नियमांपेक्षा हाच नियम पाळण्यास अधिक कठीण म्हटला पाहिजे. गुरुद्वारात गेलेल्या पाहुण्यानेही मस्तक झाकून, संगतीत बसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत हा प्रसाद घ्यावा.