शहाणें भय व आंधळें भय

भय मनुष्याचें रक्षण करितें कीं घात करितें? विस्तवास भिणारें मूल वांचतें, हें खरें. परंतु दिव्याच्या उजेडासच जो भितो, तो अंधारांत ठेंच खातो. हा भेद २०२० सालच्या कोविडच्या सांथीनें स्पष्ट करून दाखविला.

मुंबईंत परळ येथें १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथील डॉक्टरांनीं १९९८ पासून शहराच्या झोपडवस्त्यांतील स्त्रियांमध्यें एक मोठा प्रयोग केला. शिकविलेल्या सेविका, शिरक्यांत असतें तसल्या सौम्य आम्लाच्या साह्यानें, दर दोन वर्षांनीं गर्भाशयाचें मुख तपाशीत. बारा वर्षांअखेर, जेथें तपासणी झाली त्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नें कमी भरले. यंत्र मोठें नव्हतें. रोग वेळेवर पाहिला, एवढेंच.

पुढें सांथ आली. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत देशांतील ४१ कर्करोग केंद्रांमध्यें नव्या रोग्यांची नोंद आदल्या वर्षापेक्षां शेंकडा ५४ नें उतरली. रोग उतरला होता काय? नाहीं. आगगाड्या बंद होत्या, मोठ्या शहरांतील बहुतेक केंद्रांत तपासणीचें काम जवळजवळ थांबलें होतें, आणि रुग्णालय म्हणजे संसर्गाचें घर, ही धास्ती मनांत बसली होती.

कोणी म्हणेल, घरीं राहिलेल्यांचा काय दोष? ज्यांस कांहीं लक्षण नव्हतें, त्यांनीं तपासणी कांहीं महिने पुढें ढकलणें रास्तच होतें. परंतु जिच्या हाताला गांठ लागली तीहि "सांथ सरूं द्या" म्हणाली, तर त्या बोलण्याच्या आड दुसरें भय नव्हतें काय? तें भय जुनें आहे: "डॉक्टर काय सांगतील?" सांथीनें त्यास एक सभ्य निमित्त मिळवून दिलें. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या सांथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. निमित्त गेलें, तरी ज्याचें पाऊल अजून अडतें, त्यानें आपल्या मनास खरें कारण विचारावें.

तथापि भित्र्यास हिणवूं नये. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां कित्येक मुंबईकरांनीं आपले रोगी लपविले, तें सक्तीनें इस्पितळांत नेतील या भयानें. दटावल्यानें भय आणखी खोल दडतें. सोबत मिळाली म्हणजे तें बाहेर येतें. यास्तव, वाचकहो, शेजारची बाई गांठीविषयीं दबक्या आवाजांत बोलली, तर तिला उपदेश करीत बसूं नका. "उद्यां आपण बरोबर जाऊं," असें म्हणा, आणि खरोखर जा.