धान्याच्या ढिगातील ओलावा

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे विचारून, फसविणारा आपल्यातला नव्हे, असे प्रेषितांनी (स.) बजावले. पाऊस त्या माणसाच्या हातचा नव्हता. ओले धान्य खाली ठेवणे मात्र होते.

वाचकहो, आंब्याच्या पेटीत वर मोठी फळे आणि खाली बारकी भरणारा हात याहून वेगळा नाही, मग तो दिवसातून पाच वेळा वुजूने धुतलेला का असेना.

हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनवासीयांना माप पुरे भरण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी टोमणा मारला : आमच्या मालाचे काय करावे, हेही तुझी नमाजच ठरविणार काय? सूरह हूदमध्ये हा प्रसंग आहे. टोमणाच तो, पण नमाज आणि तराजू यांचे नाते त्या नाकारणाऱ्यांना नेमके उमगले होते. आपण जुम्याची नमाज आटोपून दुकान उघडतो आणि ते विसरतो. शेजारी बसून हिशेब शिकणारा मुलगा पेटी भरतानाही पाहत असतो.