मनाला लावून घेतलं म्हणून?

जठराच्या कर्करोगाचं निदान झालेल्या माणसाला भेटून मंडळी जिना उतरतात, तेव्हा त्यांच्यात काय बोलणं होतं ते आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं आहे. 'फार मनाला लावून घ्यायचे हो.' 'कधी कुणाजवळ बोलले नाहीत, सगळं आतल्या आत.' 'मुलाच्या नोकरीचं टेन्शन, दुसरं काय!' बोलणाऱ्यांच्या पोटात माया असते. पण या वाक्यांचा अर्थ एवढाच निघतो की, हा आजार तुम्ही तुमच्या स्वभावाने ओढवून घेतलात. तो अर्थ रोग्यापर्यंत पोचतो. आधीच केमोथेरपीने खंगलेला माणूस मग रात्ररात्र जागून जुनी भांडणं आणि जुन्या काळज्या उकरत बसतो. त्याच्यावर लादलेला हा दोष अन्यायाचा आहे असं मला वाटतं, आणि त्याला शास्त्राचा आधारही तोकडा आहे. दीर्घकाळच्या ताणाचा या आजाराशी संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. संबंध आहे, पण आपण तो रोग्याच्या स्वभावात शोधतो, आणि तिथे तो सापडत नाही.

ताण आणि पोट यांची सांगड जुनी आहे. १९३६ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली यांनी उंदरांना कडाक्याच्या थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, निरनिराळी द्रव्यं टोचली. छळाचा प्रकार कोणताही असो, परिणाम तेच दिसले: अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. 'नेचर'मधल्या त्यांच्या छोट्याशा टिपणातून ताणाची आजची कल्पना उभी राहिली. पुढच्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या डॉक्टरांना तर जिवंत माणसाचं जठर डोळ्यांनी बघता आलं. वैद्यकाच्या इतिहासात 'टॉम' म्हणून ओळखला जाणारा हा माणूस. लहानपणी उकळतं सूप गिळल्याने त्याची अन्ननलिका कायमची बंद झाली होती. तो घास चावून पोटावरच्या छिद्रातून आत सोडत असे. त्या छिद्रातून डॉक्टर रोज जठराचं अस्तर न्याहाळायचे. टॉम घाबरला की अस्तर पांढरंफटक पडायचं, आम्ल कमी व्हायचं. कुणी अपमान केला आणि तो राग गिळून बसला की अस्तर लालभडक होऊन सुजायचं, आम्ल वाढायचं. हे वाचल्यावर मनाचा पोटाशी काही संबंध नाही असं कोण म्हणेल?

म्हणूनच पुढे जे घडलं त्याने सगळ्यांना धक्का बसला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना जठराच्या सुजलेल्या अस्तरात वळणदार जिवाणू दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल ते प्रयोगशाळेत वाढवायला बघत होते, पण काही उगवत नव्हतं. काचेच्या तबकड्या दोन दिवस ठेवून फेकून द्यायच्या, अशी पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरला सुट्ट्या जोडून आल्या, तबकड्या तशाच राहिल्या आणि पाच दिवसांनी त्यांवर जिवाणूंच्या वसाहती उगवलेल्या दिसल्या. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जिवाणू स्वतः प्यायले. काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जिवाणूचं नाव. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं.

नाओमी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जपानमधून जे आकडे दिले ते मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतात. त्यांनी १,५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या १,२४६ जणांना या जिवाणूची लागण होती, २८० जणांना नव्हती. या काळात ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला, आणि ते सगळेच्या सगळे लागण झालेल्यांपैकी होते. लागण नसलेल्यांत एकही नाही. त्या २८० जणांना आयुष्यात काळज्या नसतील असं थोडंच आहे? याच अभ्यासात लागण झालेल्या २७५ जणांना लहान आतड्याच्या सुरुवातीचा, म्हणजे ड्युओडेनमचा अल्सर होता. त्यांच्यापैकीही कुणाला कर्करोग झाला नाही. हा अल्सर धावपळीच्या, जबाबदारीच्या नोकऱ्या करणाऱ्यांचा 'टेन्शनचा आजार' म्हणून एके काळी प्रसिद्ध होता.

इथे आपल्याकडचा एक पक्का समज मोडतो. टेन्शनने अ‍ॅसिडिटी वाढते, अ‍ॅसिडिटीने अल्सर होतो, अल्सर चिघळून कॅन्सर होतो, अशी साखळी आपल्या डोक्यात असते. जठराच्या कर्करोगाचा नेहमीचा प्रकार बऱ्याचदा उलट्या वाटेने येतो. कोलंबियात जन्मलेले पेलायो कोरेआ यांनी जिवाणूचा शोध लागण्याआधीच, १९७५ मध्ये, ती वाट मांडली; तिच्या सुरुवातीला जिवाणू असतो हे नंतर कळलं. जिवाणूमुळे अस्तराला सूज येते आणि ती वर्षानुवर्षं ओसरत नाही. पावसाळ्यात भिंतीने धरलेली ओल जसा गिलावा पोखरते, तसं अस्तर हळूहळू झिजतं. आम्ल तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, आम्ल कमी होत जातं, आणि जठराच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवू लागतात. पुढे त्यांतल्या काही बिघडतात. याला बहुधा काही दशकं जातात. म्हणजे पन्नाशीत सापडलेल्या गाठीची सुरुवात पुष्कळदा बालपणीच्या लागणीत असते. गेल्या दोन वर्षांतल्या ऑफिसच्या कटकटीवर तिचं खापर फोडता येत नाही.

आणखी एक गोष्ट. १९३० च्या सुमारास अमेरिकेत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत जठराचा कर्करोग सर्वांत पुढे होता. तिथून तो घसरत गेला, तोही कुणी मोहीम काढलेली नसताना. घरोघरी फ्रीज आले, खारवलेलं-धुरावलेलं अन्न कमी झालं, ताजी फळं-भाज्या मिळू लागल्या, पाणी स्वच्छ झालं, एका खोलीत झोपणारी माणसं कमी झाली. त्या शतकात ताण कमी झाला, असं कुणीच म्हणणार नाही. ताण हेच मूळ कारण असतं, तर हा आलेख वर जायला हवा होता.

मग ताणाला जागा कुठे उरते? लागण झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. भारतात तर निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू आढळतो आणि तरी देशाच्या बऱ्याच भागांत या कर्करोगाचं प्रमाण कमी आहे. मिझोराममध्ये मात्र ते देशात सर्वाधिक. तिथे धुरावलेलं मांस खाल्लं जातं आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं 'तुइबुर' हे पाणी तोंडात धरलं जातं. हजारांतल्या कुणाच्या जठरात बिघाड शेवटच्या टप्प्याला जाणार, हे जिवाणूची जात, आनुवंशिकता, मीठ, धूम्रपान अशा अनेक गोष्टी ठरवतात. त्या यादीत ताणाचं नाव घालायला जागा आहे. जठराच्या कर्करोगाच्या पेशींवर अ‍ॅड्रेनलिनसारख्या ताण-संप्रेरकांना पकडणारे ग्राही असतात, आणि प्रयोगशाळेत ही संप्रेरकं त्या पेशींच्या वाढीला हातभार लावताना दिसतात. गाठ स्वतःकडे मज्जातंतूही ओढून घेते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी उंदरांच्या जठराकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू तोडला, तेव्हा गाठींची वाढ मंदावली. व्हेगस हा प्रामुख्याने विश्रांतीचा आणि पचनाचा मज्जातंतू, ताणाचा नव्हे. म्हणजे मज्जासंस्था या आजारात गुंतलेली आहे, पण 'शांत राहिलात तर वाचाल' इतका सरळ धडा त्यातून निघत नाही.

माणसांमधला पुरावा आणखी ढिला आहे. माँट्रियलच्या २०१७ च्या एका अभ्यासात नोकरीत वर्षानुवर्षं ताण सोसलेल्या पुरुषांत काही कर्करोग जास्त दिसले. त्यांत जठराचाही होता. पण ताणाची आठवण विचारली होती ती निदान झाल्यावर, आणि कर्करोग झालेला माणूस मागे वळून बघतो तेव्हा त्याला ताण दिसतोच. २०१३ मध्ये युरोपातल्या सुमारे १ लाख १६ हजार माणसांचा ताण आधी नोंदवून मग वाट पाहिली गेली, तेव्हा मोठं आतडं, फुप्फुस, स्तन आणि प्रोस्टेट या कर्करोगांशी कामाच्या ताणाचा संबंध आढळला नाही. जठराचा त्यात वेगळा विचार नव्हता.

ताणाने आणि स्वभावाने आजार होतो या कल्पनेच्या मागे पैसा कुणाचा होता, हे मात्र प्रत्येक मराठी घरात कळायला हवं. सेली यांच्या संशोधनाला पुढे तंबाखू उद्योगाने पैसे पुरवले. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे सेलींनी ताण घालवण्यासाठी सिगारेट उपयोगी पडते, अशी बाजू मांडली. लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी भावना दाबून ठेवणाऱ्या स्वभावाला कर्करोग होतो, असं सांगणारे लेख लिहिले. त्यांनाही तंबाखूचा पैसा मिळत होता. २०१९ मध्ये किंग्ज कॉलेजच्या चौकशीत अशा २६ लेखांवर विसंबता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. 'सगळं आतल्या आत ठेवायचे' हे जिन्यातलं वाक्य आपण आपल्या शहाणपणातून बोलतो असं आपल्याला वाटतं. सिगारेट विकणाऱ्यांना तेच वाक्य फार सोयीचं होतं. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग स्वतः कर्करोगातून गेल्या, आणि आजाराचा दोष रोग्याच्या मनाला देण्याच्या वृत्तीवर त्यांनी १९७८ मध्येच पुस्तक लिहून हल्ला चढवला. ते पुस्तक मला आजही गरजेचं वाटतं.

ताणाच्या खऱ्या वाटा बघायच्या तर मुक्कामी गाडीवरचा एसटीचा वाहक डोळ्यांपुढे आणावा. पहाटेची फेरी, जेवणाची वेळ ठरलेली नाही, स्टँडवर उभ्या-उभ्या वडापाव आणि चहा, झोप अर्धी, आणि डोकं ताळ्यावर राहावं म्हणून बिडी. धूम्रपानाने जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. ताण त्याच्या हातात बिडी देतो. त्याचं बालपण दहा बाय दहाच्या खोलीत सहा भावंडांबरोबर गेलेलं असेल, तर जिवाणूची लागण बहुधा तिथलीच, कारण ती लहानपणी घरातल्या घरात होते. ज्या तंगीने त्याला लागण दिली, तिनेच पुढे त्याला ही नोकरी आणि हा ताण दिला. संशोधनाच्या तक्त्यात 'ताण' आणि 'जिवाणू' असे दोन रकाने असतात. या माणसाच्या आयुष्यात दोन्ही एकाच दारातून आत आले.

आणि सर्वांत घातक वाट विलंबाची. पोटात जळजळ होते, दोन घास खाल्ले तरी पोट भरतं. तो म्हणतो, जागरणाचं पित्त आहे. बायको म्हणते, टेन्शन घेऊ नका. औषधांच्या दुकानातून सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्ल कमी करणारी गोळी येते आणि तिने बरंही वाटतं. या गोळ्यांनी कर्करोगाची लक्षणंसुद्धा काही काळ दबतात. वजन सहा-सात किलोंनी उतरलं, तर त्याचाही दोष काळजीवर जातो. शौचाला डांबरासारखी काळी व्हायला लागली, तरी काही आठवडे जातात. ताणाने कर्करोग झाला असो वा नसो, 'ताणामुळेच पोट बिघडलंय' या समजुतीने तो उशिरा सापडला, असं आपल्याकडे वारंवार घडतं. जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण सापडले आणि साडेसहा लाखांहून अधिक माणसं गेली. लवकर सापडला, तर बऱ्याचदा शस्त्रक्रियेने तो पूर्ण निघतो. म्हणून पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेली जळजळ, उतरणारं वजन, गिळताना अडकणं, काळी शौच किंवा कारण न सापडणारा पंडुरोग असेल, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं.

तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून ३० वर्षांवरच्या रहिवाशांना तपासून लागण असलेल्यांना प्रतिजैविकं दिली. पुढच्या वर्षांत तिथे जठराच्या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा निम्म्याहून खाली आलं. त्या बेटांवर कुणी रहिवाशांचा स्वभाव बदलायला गेलं नव्हतं.

ज्याला आजार झालाच आहे, त्याच्या ताणाची काळजी घ्यायचीच. त्याचा जीव शांत व्हावा हे पुरेसं कारण आहे. गाठ विरघळेल म्हणून नव्हे. 'पॉझिटिव्ह राहा' हा सल्ला ऐकून त्याचा भार कमी होत नाही. उलट उद्या आजार वाढला, तर आपण पुरेसे पॉझिटिव्ह राहिलो नाही, अशी दुसरी टोचणी त्याला लागते. भेटायला जाणाऱ्याला करण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. केमोच्या दिवशी त्याच्याबरोबर जावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या अर्जासाठी रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स काढून खिडकीपुढच्या रांगेत उभं राहावं. त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी कुणी भरायची हे नातेवाइकांनी आपसांत ठरवून त्याला सांगून टाकावं. आणि 'माझ्या टेन्शनमुळे झालं का हे?' असं त्याने विचारलं, तर त्याच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणावं.