दंगलीचे नाटक आणि दोषाची वाटणी

दंगलीत माणूस मरतो तो जमावाच्या हातून, आणि जमावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. मग दोष कोणाच्या माथी मारायचा? चौकशी आयोग याचे उत्तर साक्षीपुराव्यात शोधतो, नाटककार माणसांच्या मनात. दोघांची उत्तरे जुळतातच असे नाही.

प्रॉटेस्टंट-कॅथलिक वैरावर बेलफास्टच्या सॅम थॉम्पसनने लिहिलेले ‘ओव्हर द ब्रिज’ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. थॉम्पसन जन्माने प्रॉटेस्टंट, जहाजबांधणीच्या कारखान्यात रंगारी होता. नाटकातल्या कारखान्यात स्फोट होतो, संशय कॅथलिकांवर जातो आणि त्यांना हाकलून द्या अशी ओरड सुरू होते. पीटर ओबॉयल हा कॅथलिक कामगार काम सोडून जायला तयार नाही. डेव्ही मिचेल हा मुरलेला प्रॉटेस्टंट युनियनवाला त्याच्या शेजारी उभा राहतो. युनियनचा सभासद तो सभासद, त्याचा पंथ विचारायचा नाही, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. जमाव मिचेलचा जीव घेतो. 1959 मध्ये तिथल्या नाट्यसंस्थेने लोक भडकतील या धास्तीने हे नाटक तालमी सुरू असताना मागे घेतले. जानेवारी 1960 मध्ये ते दुसऱ्या थिएटरात लागले आणि तुफान चालले. दंगल काही झाली नाही.

महेश दत्तानींच्या ‘फायनल सोल्युशन्स’ (1993) या इंग्रजी नाटकाची रीत निराळी. त्यात पाच नट आणि दहा मुखवटे यांतून जमाव उभा राहतो. मुखवटा बदलला की तोच नट हिंदूचा मुसलमान होतो. युक्ती प्रभावी आहे, पण तिच्यातच या प्रकारच्या नाटकांची मोठी अडचण दडलेली आहे. ‘दोघेही सारखेच’ हे मनुष्यस्वभावाबद्दल खरे असू शकते. एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट रस्त्यावर काय घडले याचा तो निवाडा नव्हे.

भिवंडीची गोष्ट इथे पुढे येते. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले. न्या. डी. पी. मादन यांच्या आयोगाने दोष दोन्हीकडे सारखा वाटून मोकळे होणे टाळले. आधीपासून दोन्ही बाजूंनी वाढत गेलेला तणाव त्यांनी नोंदवला, पण तात्कालिक कारण म्हणून मिरवणुकीतील लोकांच्या चिथावणीखोर वर्तनावर बोट ठेवले. वरवरच्या समतोलापेक्षा अशा स्पष्टपणाला नैतिक वजन जास्त असते. थॉम्पसनचेही तसेच: त्याच्या नाटकातला मारेकरी जमाव त्याच्या स्वतःच्या पंथाचा आहे. आपल्या माणसांचे माप आपणच त्यांच्या पदरात घालणे हे मुखवटे बदलण्यापेक्षा अवघड काम.

मात्र दोष ठरला म्हणजे दंगल थांबते असे नाही. मादन अहवालानंतरही मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. यंत्रमागवाला, सायझिंगवाला, दुकानदार, शिक्षक अशी दोन्ही धर्मांची माणसे पोलिसांसह एका सतरंजीवर बसू लागली. गटार, पाणी, भाडेकरूचे भांडण असल्या किरकोळ विषयांतून ओळखी झाल्या. जमावाचे बळ अनामिकतेत असते, आणि समोरच्याला नावाने हाक मारता आली की तेच आधी ढासळते. मिचेलला जे एकट्याने, जीव देऊन करावे लागले, ते इथे चहाच्या कपावर आणि आधीच झाले. नाटकाला अर्थातच असला मसाला चालत नाही. टळलेल्या दंगलीवर तिसरा अंक लिहिता येत नाही.

आज राहनाळ, पूर्णा, काल्हेर या भिवंडीलगतच्या गावांत गोदामे उभी आहेत आणि देशभरातून आलेले कामगार तिथे माल चढवतात-उतरवतात. जुन्या मोहल्ल्यातली पिढीजात ओळख या नव्या वस्तीला आयती मिळत नाही, ती मुद्दाम करून घ्यावी लागते. मुद्दाम केलेली ओळखही टिकते, याला भिवंडीचाच दाखला आहे: डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडीत दंगल झाली नाही.